खड्ड्यातल्या अळवाचे निमित्त

दक्षिण तारावा, किरिबाती (प्रशांत महासागर)

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे सांगायचे होते ते सोडून मी पावसापाण्यावर घसरले, ते आज लिहून कळवते. इथल्या माझ्या कामाची मुदत आणखी दोन वर्षांनी वाढवण्याच्या कागदावर मी गेल्या आठवड्यात सही केली आहे, त्यामुळे यंदाच्या गणपतीला मला येता येणार नाही. आधी तुम्हाला विचारायला हवे होते. पण विचारले असते तर बाबा "तुझे तू बघ" म्हणाले असते, आई काहीच बोलली नसती, आणि त्या न बोलण्यापुढे माझा टिकाव लागला नसता.

बाबा, कारण तुम्हाला लगेच पटेल, म्हणून ते तुमच्यासाठी लिहिते. मी ज्यांच्या आवारात राहते त्यांचा बाबाईचा खड्डा आहे. बाबाई म्हणजे आपल्या अळवाच्याच कुळातले, पण पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे झाड. त्याचा कंद खातात, आणि नीट शिजला नाही तर तोही घशाला खाजतो. इथे डोंगर नाही, नदी नाही, जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर. पावसाचे पाणी पोवळ्याच्या वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. त्या गोड्या पाण्याला कंदाचे पाय लागतील इतका खोल खड्डा खणायचा, ही इथली शेती. मे महिन्यात मोटर जास्त वेळ चालली की आपल्या विहिरीचे पाणी मचूळ होते, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे सगळे बेटच त्या एका विहिरीवर जगते.

गेल्या वर्षी मोठ्या उधाणाचे पाणी या खड्ड्यात शिरले आणि आजोबा-पणजोबांपासूनची झाडे आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळी पडून कुजली. घरातल्या आजी काठावर बसून नुसत्या बघत होत्या. खड्डा पुन्हा गोडा व्हायला पाऊस हवा, आणि पावसाचे इथले तंत्र उफराटे: ज्या ला निनाच्या (प्रशांत महासागराच्या मधल्या पट्ट्यातले पाणी नेहमीपेक्षा थंड पडते त्या) वर्षी आपण चांगल्या पावसाची आशा धरतो, त्याच वर्षी इथे दुष्काळ पडतो. 2022 साली तर सरकारला आपत्ती जाहीर करावी लागली होती. आता कुठे नवी रोपे लावली आहेत. पंडनसच्या (आपल्या केवड्याच्या जातीचे झाड) पानांची बिनबुडाची टोपली प्रत्येक रोपाभोवती बसवायची, तीत पालापाचोळा आणि काळी माती भरत राहायची, आणि कंद भरायची वर्षानुवर्षे वाट पाहायची. दापोलीला मी जे शिकले त्यातले निम्मे इथे लागू पडत नाही. आपल्या तांबड्या मातीला लोह कमी पडणे म्हणजे काय ते ठाऊकही नाही. इथल्या चुनखडी वाळूत मात्र पाने शिरांमधून पांढरट पडतात. म्हणून आजी गंजके डबे ठेचून खतात पुरतात. तुम्ही माडाच्या मुळाशी जुने खिळे टाकायचा आणि मी हसायचे, ते त्या दिवशी आठवले आणि मनातल्या मनात तुमची माफी मागितली.

आई, माझ्या खाण्यापिण्याची काळजी खरोखरच करू नकोस. भात रोज मिळतो, नीरफणस आहे, पपई आहे, भोपळा आहे, आणि नारळ तर वाडीत राहत असल्यासारखा. पाणी पन्हाळीवरून टाकीत साठवलेले पावसाचे, आणि मी ते उकळूनच पिते. मासळीविषयी तर बोलायलाच नको. देशाची जमीन 811 चौरस किलोमीटर आणि समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर. परदेशी बोटींच्या ट्यूना पकडण्याच्या परवान्यांवर सरकार चालते आणि लहान होडीतून आणलेल्या मासळीवर घर चालते. आमच्या शेजारचे पहाटे निघतात आणि उन्हे चढायच्या आत चार-पाच कुपे आणतात. एक न मागता आमच्या दारात येतो. न मागता म्हणते, कारण मागितले तर नाहीच म्हणता येत नाही. त्या रीतीला बुबुती म्हणतात, आणि तू दिलेली छत्री त्याच रीतीने एका मावशींच्या घरी गेली आहे. रागावू नकोस.

संध्याकाळी पुरुष माडावर माडी काढायला चढतात आणि वर बसून मोठ्याने गातात. ती ताजी गोडी पोरांना पाजतात, उरलेली आटवून काकवीसारखा पाक करतात. ओहोटीला बायका खाजणात गुडघे टेकून 'बून' नावाचे शिंपले वेचतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्यात बसले तेव्हा बोटांनी आपोआप चाचपायला सुरुवात केली. खाडीच्या चिखलात तुझ्या लुगड्याचा काठ धरून मी तिसऱ्या वेचायचे, आणि माझे पाच-सात शिंपले तू तुझ्या टोपलीत न मिसळता वेगळ्या वाटीत शिजवायचीस, ते त्या बायकांना सांगायला माझ्याकडे त्यांच्या भाषेतले शब्दच नव्हते. आता शिंपले पूर्वीइतके मिळत नाहीत असे त्या म्हणतात. वेचणारे हात वाढले, आणि बेटे जोडणाऱ्या रस्त्यांच्या भरावांनी खाजणातले पाण्याचे येणे-जाणे अडले.

बाबा, तुमच्या जुन्या नकाशात हा देश 'गिल्बर्ट बेटे' म्हणून सापडेल. 1979 साली स्वतंत्र झाल्यावर नाव बदलले. लिहायचे किरिबाती आणि म्हणायचे किरिबास, हे वर्गात सांगायला तुम्हाला आवडले असते.

आता थोडे माझे ऐका. मागच्या महिन्यात साखर किती निघाली हे मला दादाकडून कळावे, हे बरे नव्हे. इथे पांढरा भात, मैदा आणि साखर घराघरांत शिरल्यापासून मधुमेहाने पाय गमावलेली माणसे मी रोज बघते, तेव्हा तुमचा दुपारचा दुसरा चहा आजपासून बंद. पावलांना रोज रात्री दिवा धरून बघायचे, अनवाणी वाडीत जायचे नाही, आणि नारळ पाडायला माणूस बोलवायचा. शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. मोटर अर्ध्या तासाच्या वर चालवू नका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

मुदत वाढली तरी मधली रजा आहे, आणि ती मी शिमग्याला धरून मागितली आहे. दोन वर्षे म्हणजे सलग दोन वर्षे नव्हेत, हे आधीच लिहायला हवे होते. तुमचे सकाळचे सहा म्हणजे माझे दुपारचे साडेबारा. त्या वेळी मी खड्ड्याकाठच्या सावलीत बसलेली असते. रोज त्याच वेळी फोन करीन. आईला आधी द्या, नाहीतर तुम्ही मातीवरच बोलत बसाल.

तुमची,
बाय

ता. क. परसातल्या अळवात आमसूल घालून केलेल्या फदफद्याची वाटी फोटो काढून पाठवू नकोस, आई. मागच्या वेळी दोन दिवस जेवण गेले नव्हते.