एसईसी भारी की बिग टेन? कोल्हापूरच्या भाच्यास पत्र

कोलंबस, ओहायो
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वादावरची तुझी मेल वाचली. इथे विद्यापीठांचे संघ ज्या गटांत खेळतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात; त्यांतली एसईसी दक्षिणेतली, बिग टेन मुळात उत्तरेतली. टस्कलूसाला, म्हणजे एसईसीतल्या अलाबामा विद्यापीठाच्या गावी, शिकायला गेलेला तुझा मित्र म्हणतो, एसईसीचा तळाचा संघसुद्धा बिग टेनमध्ये पहिल्या चारांत आला असता. त्याला एवढंच विचार: "हे कुठल्या सामन्यावरून?" एसईसीचा गेल्या मोसमातला तळाचा संघ मिसिसिपी स्टेट. कॉन्फरन्समध्ये आठपैकी आठ सामने हरला. त्याआधी, १४ सप्टेंबरला, आमच्या ओहायोतल्या टोलीडोने त्यांना त्यांच्याच मैदानावर ४१-१७ असं लोळवलं होतं, आणि टोलीडो तर बिग टेनमध्येही नाही, त्याच्या खालच्या दर्जाच्या मॅक कॉन्फरन्समध्ये खेळतं. अर्थात बिग टेनचा तळही काही अभिमानाने सांगण्यासारखा नव्हता. पर्ड्यू नऊपैकी नऊ हरलं आणि कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या नोटर डेमने त्यांना ६६-७ ने धुतलं. तळ दोन्हीकडे चिखलाचाच. खरा वाद वरचा आणि मधला थर यांचा आहे.

आधी दोन घोळ मिटवू. कॉन्फरन्सच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नकोस. बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये १६, आणि स्वतःला अटलांटिक म्हणवणाऱ्या एसीसीत पॅसिफिककडचे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया. एसईसीत १६, टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४ च्या उन्हाळ्यात आले. त्याच उन्हाळ्यात ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये गेले, आणि शंभरी ओलांडलेल्या त्या कॉन्फरन्समध्ये दोनच संघ उरले. दुसरा घोळ सालाचा. अंतिम सामना जानेवारीत होतो, पण राष्ट्रीय विजेतेपद आदल्या सालाच्या नावावर लागतं. बिग टेनमधलं आमचं ओहायो स्टेट २० जानेवारी २०२५ ला जिंकलं, तरी ते विजेते २०२४ चे. वादात निम्म्या चुका इथेच होतात.

एसईसीचं नाव कमावलेलं आहे, हे आधी मान्य कर, नाहीतर तुझं पुढचं कोणी ऐकणार नाही. २००६ ते २०२२ या १७ मोसमांत १३ विजेतेपदं त्यांची, त्यातली पहिली सात तर सलग. पण ती खोलून बघ: अलाबामा सहा, फ्लोरिडा दोन, एलएसयू दोन, जॉर्जिया दोन, ऑबर्न एक. म्हणजे आजच्या १६ पैकी पाचच घरांत दिवाळी. केंटकी, व्हँडरबिल्ट, मिसिसिपी स्टेट यांनी त्या उजेडात फक्त हात शेकले.

हा उसना अभिमान तुला कोल्हापुरात बसून कळायला अवघड नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे तुमच्याकडचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण बाहेरगावच्या संघाला आपल्यातल्या कोणी हरवलं तर सगळ्या पेठा गुलाल उधळतील. दक्षिणेतल्या स्टेडियमांत म्हणूनच आपल्या संघाच्या नावाऐवजी 'एस! ई! सी!' असा कॉन्फरन्सचा घोष चालतो. इकडे उत्तरेत तसं नाही. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटमध्ये पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुली मारतात. मिशिगनही बिग टेनचंच, पण ते राष्ट्रीय विजेते झाले म्हणून बिग टेनचा झेंडा नाचवणारा कोलंबसकर शोधून सापडायचा नाही.

आता हिशेब. नियमित मोसमात प्रत्येक संघाचे १२ सामने. एसईसी त्यांतले आठ कॉन्फरन्समध्ये खेळते आणि चार बाहेर. बिग टेन नऊ आणि तीन. कॉन्फरन्समधल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो आणि एक हरतो, म्हणजे आतली बेरीज कायम निम्मी-निम्मी. समज, दोन्हींकडचे सगळे संघ बाहेरचे सगळे सामने जिंकले. तर एसईसीच्या संघाची सरासरी येते ८ विजय, ४ पराभव. बिग टेनची साडेसात आणि साडेचार. ताकद तीच, तरी प्रत्येक संघामागे अर्धा विजय फुकट. १६ संघांत मिळून आठ विजय. बोलसाठी, म्हणजे मोसमानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी, पात्र व्हायला सहा विजय लागतात. चार सोपे सामने पदरात असले की कॉन्फरन्समध्ये आठांत दोन जिंकून भागतं. तीनच असले तर नवांत तीन जिंकावे लागतात. मधल्या थरातले सात-सात विजयांचे एसईसी संघ दिसतात ना, त्यातले काही या अर्ध्या विजयाचे. गेल्या गुरुवारी एसईसीने २०२६ पासून नऊ सामन्यांवर यायचं जाहीर केलंय, म्हणजे हा मुद्दा फक्त या मोसमापुरता तुझ्या हातात आहे. तेवढ्यात वापरून घे.

त्या सोप्या सामन्यांचंही एक शास्त्र आहे. मोठा संघ लहान संघाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतो. लहान्याला वर्षाचा खर्च सुटतो, मोठ्याला विजय. बहुतेक वेळा. मिशिगनने २००७ मध्ये ४ लाख डॉलर देऊन खालच्या विभागातल्या ॲपलाचियन स्टेटला बोलावलं, ३४-३२ ने हरले, आणि एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पाचव्या क्रमांकावरून थेट पंचविसांच्या बाहेर पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलाबामा लुईझियाना-मन्रोकडून २१-१४ ने हरलं. तुझा मित्र पहिली गोष्ट नक्की सांगेल. दुसरी तू सांग.

क्रमवारीचं चक्र मात्र नीट समजून घे, कारण नावाला व्याज तिथे लागतं. एपीची यादी पत्रकारांच्या मतांवर बनते: पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं पंचविसाव्याला १. मोसमाआधीची यादी एकही चेंडू न खेळता लागते, म्हणजे ती जुन्या नावावर आणि कागदावरच्या भरतीवर. यंदाच्या यादीत एसईसीचे १० संघ आहेत आणि बिग टेनचे ६. आता हे १० संघ आपसात भिडणार. जिंकेल त्याने 'क्रमवारीतला संघ हरवला', म्हणून तो वर. हरेल तो 'तगड्याकडून हरला', म्हणून दोन-चार पायऱ्याच खाली. दोघंही यादीत राहतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना हरवणाऱ्याचाही भाव वाढतो. यात लबाडी कोणाची नाही. पण सुरुवातीचा अंदाज चुकला असेल तर ती चूक आतल्या आत फिरत राहते, बाहेर पडायला दार नसतं. ते दार म्हणजे बाहेरच्या कॉन्फरन्सशी सामने, आणि तेच सगळ्यात कमी.

गेल्या वर्षीचं व्हँडरबिल्ट घे. १४ सप्टेंबरला खालच्या दर्जाच्या कॉन्फरन्समधल्या जॉर्जिया स्टेटकडून ३६-३२ ने हरले. तीन आठवड्यांनी याच व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं. एसईसीवाला म्हणणार, "बघा, आमच्यात कोणीही कोणालाही हरवतं, इतकी खोली!" बिग टेनवाला म्हणणार, "अलाबामाच पोकळ निघाली." आकडे तेच, आणि कॉन्फरन्सच्या आतल्या निकालावरून कोण बरोबर ते ठरवताच येत नाही.

प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, कोण खेळणार ते ठरवणाऱ्या निवड समितीत १३ जण असतात, आणि त्यांच्यापुढे दरवर्षी हाच पेच. २०२३ मध्ये चारच जागा होत्या. एसीसीची विजेती फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही बाहेर राहिली, कारण त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता, आणि एक सामना हरलेली अलाबामा आत गेली. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ ने फोडलं, तेव्हा "बघा, आम्ही सांगत होतो" झालं. तो निकाल वादात कोणी काढला तर मान्य करू नकोस. बाहेर ठेवल्यावर त्या संघातले डझनावारी खेळाडू सामन्यात उतरलेच नव्हते. आणि आत घेतलेली अलाबामा उपांत्य फेरीत मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० ने हरलीच.

२०२४ मध्ये १२ जागा झाल्या: बिग टेनच्या चार, एसईसीच्या तीन. तीन सामने हरलेली अलाबामा राहिली आणि एसीसीतली एसएमयू गेली, त्यावर दक्षिणेत महिनाभर बोंब. मग ३१ डिसेंबरला अलाबामा मिशिगनकडून १९-१३ ने हरली आणि त्याच दिवशी साउथ कॅरोलायना इलिनॉयकडून २१-१७ ने. बिग टेनवाले हे निकाल तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण तिथेही तोच नियम लाव. बोलमध्ये मिशिगनचेही कित्येक मुख्य खेळाडू बसले होते. फ्लोरिडा स्टेटला सूट द्यायची आणि अलाबामाला नाही, असं आपला तो बाब्या करायचं नाही.

मग मोजायचं काय? चार मोठ्या कॉन्फरन्स आणि नोटर डेम यांच्यातले एकमेकांशी झालेले सामने, आणि प्लेऑफचे. बाकी सगळं गाळ. घरच्या मैदानाचे साधारण अडीच-तीन गुण वजा कर. फरक वीसच्या वर गेला असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांचे गुण धरू नकोस, तेव्हा राखीव पोरं खेळत असतात. आणि तुलना जोडीने कर: त्यांचा पहिला आपल्या पहिल्याशी, त्यांचा आठवा आपल्या आठव्याशी. १८ संघांची कॉन्फरन्स १६ शी नुसत्या बेरजेने मापली की गडबड होते. याच वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, एसईसीचे ७९ खेळाडू गेले, बिग टेनचे ७१. ऐकायला जवळजवळ सारखे वाटतात. संघामागे काढलेस तर जवळपास पाच विरुद्ध चार. खेळाडूंच्या साठ्यात एसईसी आजही पुढे आहे, हे मला मान्य करावंच लागतं.

फरक पडलाय तो दुसऱ्या फळीत. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या असायच्या आणि संघ बदलला तर साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. त्यामुळे अलाबामाचा राखीव खेळाडू, जो दुसरीकडे पहिल्या दिवसापासून खेळला असता, तिथेच वाट बघत राही. एसईसीच्या वर्चस्वाचं खरं कोठार ते होतं. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि बदलीनंतर बसायची अटही सैल झाली. यंदा १ जुलैपासून विद्यापीठ स्वतःच वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. कोठाराला दार पडलं. गेल्या वर्षीच्या ओहायो स्टेटमध्ये केलेब डाउन्स आणि सेथ मॅकलॉफलिन अलाबामाहून आलेले, क्विन्शॉन जडकिन्स एसईसीतल्याच ओल मिसहून. एसईसीवाले म्हणतात, "मग तो चषक अर्धा आमचाच!" विनोद म्हणून बरा आहे. पण खेळाडू हलले की वर्चस्वही हलतं, हे त्यातून तेच कबूल करतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट अशी बिग टेनला सलग दोन विजेतेपदं मिळाली, ती या बदलानंतरच. तरी दोन मोसमांवरून युग पालटलं असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

येत्या शनिवारी, ३० तारखेला, बाहेरच्या कॉन्फरन्सशी सामन्यांचं ते दार एकाच दिवशी तीनदा उघडतंय, आणि तिन्ही वेळा एसईसीचा संघ पाहुणा आहे. तुझ्या वेळेने रात्री साडेनऊला इथे कोलंबसमध्ये पहिल्या क्रमांकाचं टेक्सास विरुद्ध तिसऱ्या क्रमांकाचं ओहायो स्टेट. दोन्हीकडे क्वार्टरबॅक नवे; आमचा ज्युलियन सेयन आधी अलाबामातच दाखल झाला होता. मध्यरात्रीनंतर एकला अलाबामा फ्लोरिडा स्टेटच्या मैदानावर. गेल्या वर्षी फ्लोरिडा स्टेट २-१० होती, त्यामुळे अलाबामा जिंकली तर फार मार्क देऊ नकोस; हरली तर मित्राला लगेच फोन करू नकोस, सकाळ होऊ दे. पहाटे पाचला एसीसीतल्या क्लेमसनच्या मैदानावर एलएसयू, नववं एलएसयू विरुद्ध चौथं क्लेमसन. वहीत तीन रकाने कर: घरचे गुण वजा करून फरक, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीचा गुणफलक, आणि चेंडू गमावल्याची संख्या. अंतिम आकड्यापेक्षा हे तीन जास्त सांगतात.

बुधवारी गणपती बसतील, घरात गडबड असेल. शनिवारी रात्रभर जागणार असशील तर आईला आधी सांगून ठेव, रविवारी पहाटे क्लेमसनचा सामना आणि आरतीची तयारी एकाच वेळी येणार आहे. तुझ्या आईबाबांना नमस्कार. वहीचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या