यशवंत घाडगे यांची ओळख पुतळ्यापुरती राहू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इटलीतील मोंटोने या गावाने जुलै २०२३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात तिथे लढताना मरण पावलेले नाईक (लष्करातील एक हुद्दा) यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात असून ‘आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो’ अशा अर्थाचे वचन त्याच्याशी जोडलेले आहे. ज्या भूमीवर घाडगे पडले, तिला त्यांची आठवण दगडात कोरायला ७९ वर्षे लागली खरी; पण तिने ती कोरली. आपण आपल्या माणसासाठी काय केले, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे ब्रिटिशकालीन भारतीय सैन्यातील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायलाही वेळ नाही हे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्यांना लागली. वय अवघे २२ वर्षे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले, पण त्यांची कबर ज्ञात नाही. इटलीतीलच कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

इटलीच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले आणि त्यांपैकी दोन मराठी जवानांचे आहेत. दुसरे नाव नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नामदेव जाधव यांचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना त्यांनी बाहेर काढले, मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे मोडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावले. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

हे पदक इंग्रजांचे, म्हणून त्याचे कौतुक नको, अशी भावना स्वातंत्र्यानंतर काही काळ असणे मी समजू शकतो. साम्राज्याला नकार देणे योग्यच होते. मात्र त्या नकाराची किंमत या साध्या घरच्या जवानांनी का मोजावी? ज्या मुसोलिनीच्या आणि हिटलरच्या राजवटींविरुद्ध ते लढले, त्या हरल्या याचा आनंद आपणही मानतोच.

माणगावच्या तहसील कार्यालयासमोर घाडगे यांचा पुतळा आहे. दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी येणारी माणसे रोज त्याच्या बाजूने जातात. त्यांपैकी कितींना वरील प्रसंग सांगता येईल, याबद्दल मला शंका आहे. म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की पुतळ्यापाशी, माणगाव रेल्वे स्थानकात आणि मुंबई-गोवा महामार्गावर हा प्रसंग सोप्या मराठीत सांगणारे फलक लावावेत, आणि १० जुलैला तालुक्यातील प्रत्येक शाळेत तो मुलांना वाचून दाखवावा. यासाठी मोठा निधी लागणार नाही. येत्या १० जुलैपूर्वी किमान पुतळ्याजवळचा फलक तरी लागावा.

आपला नम्र,
एक वाचक, माणगाव, जि. रायगड