मा. सहकारमंत्री, परवानगीलाही मुदत घाला

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

पतसंस्थेचं शटर पडलं की ठेवीदारांचा पहिला प्रश्न असतो, ऑडिटर काय करत होता? एका तालुक्याच्या गावी नुकतंच पुन्हा तेच झालं. ऑडिटरने अपहाराचा विनिर्दिष्ट अहवाल, म्हणजे गुन्ह्यापुरता वेगळा अहवाल, मुदतीत दिला होता, फिर्यादीसाठी परवानगी मागितली होती. परवानगी आली नाही. नामतालिकेवरून, म्हणजे ऑडिटरांच्या सरकारी यादीवरून, नाव का काढू नये, ही नोटीस मात्र आली.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ८१ आपल्या खात्याला पाठ आहे. गुन्हा दिसला तर ऑडिट अहवालानंतर १५ दिवसांत सहकार खात्याच्या निबंधकांना विनिर्दिष्ट अहवाल द्यायचा, त्यांची लेखी परवानगी घ्यायची, मग पोलिसांत जायचं. फिर्याद दिली नाही तर नाव कमी. ऑडिटरचे दिवस मोजलेत, परवानगी देणाऱ्याचे का नाही मोजले? परवानगीची वाट बघतो तेवढ्या काळात संचालकांच्या जमिनी नातलगांच्या नावावर जातात!

आणि आम्ही बघायचं काय, हेही एकदा ऐका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकीत कर्जांचं नवे-जुने होतं. नवीन कर्ज वाटायचं, त्यातूनच जुनं भरलेलं दाखवायचं. थकबाकी घटते, न आलेलं व्याज नफ्यात चढतं, संस्थेला ऑडिटचा 'अ' वर्ग मिळतो. हे पकडायचं तर त्या आठवड्याचं वाटप आणि वसुली शेजारी ठेवावी लागते, एप्रिलच्या उलट नोंदी बघाव्या लागतात. मागच्या तारखेची नोंद कोणत्या युजरने कधी टाकली, हे फक्त सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेळ टिपणाऱ्या यादीत दिसतं. तो मागितला की उत्तर मिळतं, "कंपनीकडून मागवावा लागेल, साहेब."

सोनेतारणाच्या पाकिटाचं सील बघून काही कळत नाही. पाकीट फोडून वजन आणि कस दोन्ही घ्यायला हवेत, तेही मूल्यांकन न केलेल्या दुसऱ्या सराफाकडून. पिग्मीचा, म्हणजे रोजच्या बचतीचा, भरणा संस्थेच्या लेजरशी जुळतोच, तो खातेदाराच्या हातातल्या पासबुकाशी जुळवायचा असतो. शिल्लक पुष्टीपत्रं, म्हणजे खात्यावरची रक्कम बरोबर आहे का हे खातेदाराला विचारणारी पत्रं, थेट पोस्टाने गेली पाहिजेत. संस्थेच्या शिपायाकडे दिली तर खोट्या ठेवीचं पत्रही सही होऊन परत येतं.

हे सगळं ३१ जुलैपर्यंत, आणि ज्यांना तपासायचं त्यांच्याच सर्वसाधारण सभेने नेमून, त्यांच्याच चेकने फी घेऊन! कडक शेरा मारणाऱ्याला पुढच्या सभेत कोण नेमतं? दोष दुरुस्तीचा 'ओ' नमुना तीन महिन्यांत यायला हवा. येतो तो "पूर्तता करण्यात येत आहे" एवढंच लिहून, वर्षानुवर्षं तेच वाक्य, आणि आपलं कार्यालय ते फायलीला लावून घेतं.

मोठ्या बँकांतही वेगळं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड कमी निघाली. रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा. त्याआधी वर्षानुवर्षं ताळेबंदावर सह्या झाल्याच होत्या. तिथे निदान पाच लाखांपर्यंत ठेव विमा होता. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तोही नाही, हे आपण कधी कोणत्या सभेत सांगितलंत?

ऑडिटरची नेमणूक संगणकाने सोडतीने करा. फी संस्थेकडून खात्याने वसूल करून द्यावी. लॉग न देणाऱ्या संस्थेला वर्गच देऊ नका. फिर्यादीच्या अर्जावर १५ दिवसांत होकार किंवा कारणासह नकार द्या, तोही अधिकाऱ्याच्या नावासह. आणि परवानगी अडलेली असताना काढलेल्या नोटिसा आधी मागे घ्या.

आपला,
नामतालिकेवरील एक प्रमाणित लेखापरीक्षक