मेम्ब्रेन बसवा, पण आधी पावसाळ्याचे पाणी पाहा

मा. संपादक,
स. न.

पाच-पंचवीस गावांना मिळून एकच जलशुद्धीकरण केंद्र आणि त्यात वाळूऐवजी मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा गाळणीचा पडदा, अशी चर्चा आता नाशिक भागातही कानावर येते. माझी उमर फिल्टर प्लॅन्टवरच गेली, म्हणून राहवले नाही.

मेम्ब्रेनला माझा विरोध नाही. अल्ट्राफिल्ट्रेशन या प्रकारच्या पडद्याची छिद्रे ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची, क्लोरीनलाही दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा. पडदा शाबूत असेल तर तो पार होऊच शकत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हाच जीव वाळूच्या गाळणीतून निसटून नळाला आला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले.

पण गोदावरीचा जुलैतला पहिला लोंढा मी पाहिला आहे. आदल्या संध्याकाळी काचेच्या भांड्यातून पलीकडचा माणूस दिसायचा, सकाळी त्याच भांड्यात दुधाच्या चहासारखे पाणी. मग जार टेस्ट लावायची. सहा भांडी रांगेत, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी चढती, आणि कुठल्या भांड्यात पुंजके लवकर धरून तळाला बसतात ते टक लावून बघायचे. त्यावर डोस ठरायचा. मेम्ब्रेन आली म्हणून हे काम सुटत नाही. गाळ आधी खाली बसला नाही तर तो पडद्यावर थापला जातो, दाब चढतो, घडोघडी बॅकवॉश द्यावा लागतो, म्हणजे उलटे पाणी सोडून पडदा धुवावा लागतो, आणि विजेचे बिल फुगते. म्हणून जानेवारीतल्या निवळशंख पाण्याचा नमुना घेऊन आराखडा करू नका. जिथून पाणी उचलणार तिथेच छोटे प्रायोगिक युनिट एक अख्खा पावसाळा चालवून बघा.

दुसरे, अल्ट्राफिल्ट्रेशन पाण्यात विरघळलेले, खतांतून उतरणारे नायट्रेट अडवत नाही. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी घेणार असाल तर नायट्रेटची लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आधी तपासा. मर्यादा ओलांडली तर आरओसारखी, विरघळलेले क्षारही अडवणारी यंत्रणा लागेल, आणि आरओत बरेच पाणी वाया जाते. धरणाचे पाणी मिळत असेल तर तेच घ्यावे.

आणि पैसा. माझ्या सासुरवाडीत आरओचे यंत्र बसले तेव्हा नारळ फुटले, पेढे वाटले. मेम्ब्रेन तुंबली तेव्हा बदलायला कुणाकडे पैसे नव्हते. आज त्या खोलीत कांद्याच्या रिकाम्या गोण्या आहेत आणि बायका पुन्हा हातपंपावर. मोठ्या केंद्रातही पडदे साधारण ७ ते १० वर्षांत बदलावेच लागतात. तो खर्च पहिल्या दिवसापासून पाणपट्टीत धरावा, वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये.

निविदा निघण्यापूर्वी वर्षभराचे गढूळपणाचे आकडे आणि हजार लिटरमागचा खर्च प्रत्येक गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, एवढी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्लॅन्ट ऑपरेटर, नाशिक