दहा रुपयांचा परवाना आणि माळ्यावरचे खोके : वाचनालयाचे आवाहन

स. न. वि. वि.

येत्या २३ जुलै २०२७ रोजी, शुक्रवारी, मुंबईच्या रेडिओ केंद्राला शंभर वर्षे होतील. १९२७ साली याच तारखेला शनिवार होता. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि महिनाभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचे. देशात नियमित नभोवाणीची सुरुवात ती. हा दिवस आपल्या वाचनालयाच्या अंगणात साजरा करायचे ठरले आहे. त्यासाठी पैसे, वस्तू, आठवणी आणि चार रिकामे हात हवे आहेत.

अलिबाग तालुक्यातल्या एका लहान वाचनालयाने मुंबईच्या केंद्राचे वाढदिवस कशाला करायचे, असे वार्षिक सभेत दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की त्या केंद्राचे प्रक्षेपक यंत्र अवघे दीड किलोवॅटचे होते. चांगले ऐकू येण्याची हद्द साधारण ४८ किलोमीटर. रात्री रेडिओच्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून लांब पोचतात, पण कधी आवाज चढतो, कधी बुडतो, भरवसा नाही. आपण मुंबईपासून सरळ रेषेत तिसेक किलोमीटरवर, आणि मधे बहुतेक समुद्र. खाऱ्या पाण्यावरून या लहरी जमिनीपेक्षा बऱ्याच कमी थकतात. पुणेकरांना घाटापलीकडे कान टवकारून बसावे लागले असते. आपल्या किनाऱ्यावर मात्र दोन माडांना एरियलची तार बांधली की मुंबई घरात. एरवी मुंबईहून आपल्याकडे काय येते ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ही एक गोष्ट तरी मानाने मिरवू द्या.

पुणेकर रागावू नयेत म्हणून त्यांचेही श्रेय नोंदवतो. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने मुंबईच्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा खास कार्यक्रम हवेत सोडला होता. तशी विनंती गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांची, आणि तो त्यांनी ऐकला पुण्यात बसून. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले, १९२४ मध्ये मद्रासच्या क्लबने. ही सगळी हौशी मंडळी. मद्रासचा क्लब पैशांअभावी १९२७ साली थांबला. त्यांनी यंत्र नगरपालिकेला देऊन टाकले आणि तिने पुढे १९३० मध्ये ते चालू केले.

पैशांचाच विषय निघाला आहे तर कंपनीचा हिशेब बघा. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागे, वर्षाला १० रुपये. त्यातले ८० टक्के कंपनीला मिळत, शिवाय परदेशातून येणाऱ्या सेटच्या किमतीवर १० टक्के. सुरुवातीला साऱ्या देशात हजारभरही परवाने नव्हते. १९२९ च्या अखेरीस ते पावणेआठ हजारांच्या घरात गेले. म्हणजे परवान्यांचे वर्षाचे उत्पन्न जेमतेम साठ-बासष्ट हजार, आणि त्यात मुंबई व कलकत्ता अशी दोन केंद्रे, गवई, वादक, इंजिनीयर, भाडे, वीज. परवाना न काढता ऐकणारेही काही कमी नव्हते. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारने १ एप्रिलपासून केंद्रे हाती घेतली, आणि १० ऑक्टोबर १९३१ ला तीही बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की २३ नोव्हेंबरला निर्णय मागे घ्यावा लागला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव त्यानंतर, ८ जून १९३६ ला आले.

आमच्या मते उद्घाटनापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३१ चे ते सहा आठवडे जास्त महत्त्वाचे आहेत. व्हाइसरॉय येऊन भाषण करून गेला. रेडिओ टिकला तो दहा रुपये भरणाऱ्या आणि बंद होतो म्हटल्यावर गप्प न बसणाऱ्या माणसांमुळे. म्हणून आमच्या प्रदर्शनात व्हाइसरॉयचे चित्र लहान असेल आणि परवान्यांची भिंत मोठी. ही भिंत तुमच्या घरातल्या कागदांनी भरायची आहे.

परवाना आठवतोय ना? पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकिटे चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही पद्धत गेली, पण पुस्तिका गेल्या नाहीत. रेशनकार्ड आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात बघा. आम्हाला मिळालेली पहिली पुस्तिका पार्ल्याच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निघाली. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने कुणीतरी नारळाचा हिशेब लिहिलेला आहे. तो आम्ही पुसणार नाही.

२३ जुलैला नेमके काय करणार, तेही सांगतो. हवेत काही सोडायचे तर आजही परवाना लागतो आणि तो आपल्याला कुणी देणार नाही. म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्टुडिओ आणि पुढच्या अंगणात श्रोते, मधे फक्त वायर. त्या काळी ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोय नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या सोडल्या तर जे काही ऐकू येई ते त्याच क्षणी कुणीतरी मायक्रोफोनपुढे उभे राहून म्हणत वा वाजवत असे. आपणही तसेच करणार: बातम्या, बाजारभाव, भजन, एक श्रुतिका, सगळे थेट. चुकले तर चुकले.

श्रावणात एक रंगीत तालीम झाली. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना घराघरांतून आणलेल्या गोधड्या टांगल्या. एकच मायक्रोफोन. भजनी मंडळ नेहमीसारखे गोल करून बसले आणि अंगणात ऐकू आला तो निव्वळ पखवाज. बुवांचा आवाज विहिरीतून यावा तसा. मग पखवाजवाल्याला हळूहळू मागे सरकवत सरकवत दाराच्या उंबरठ्यापर्यंत नेले, टाळवाले त्याच्या अलीकडे, पेटी मधे, बुवा मायक्रोफोनपासून हातभर. तेव्हा कुठे अभंग जुळून आला. मिसळायचे बटण नव्हते तेव्हा माणसेच उचलून मागेपुढे बसवावी लागत. पखवाजवाले अजून रुसलेले आहेत, त्यांची समजूत काढणारा स्वयंसेवकही हवा आहे.

शाळेच्या मुलांसाठी क्रिस्टल सेटची कार्यशाळा असेल. या सेटला बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलिना नावाचा शिशाच्या खनिजाचा चकचकीत खडा, त्यावर टेकवायची केसासारखी तार (इंग्रज तिला मांजराची मिशी म्हणत) आणि कानाला हेडफोन. खड्यावर नेमकी जागा सापडेपर्यंत तार टेकवत राहायचे. मधेच कुणी दार आपटले की जागा हलते आणि पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या पोरांना दार हळू लावायची सवय लावायला याहून चांगले यंत्र नाही.

आणि मुख्य खर्चाचे काम म्हणजे माळ्यावरचे खोके. एका वाचकाच्या घरी सुपारीच्या पोत्यांखाली जुना व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) सेट निघाला. बॅटरीवर चालणारा, वीज नसलेल्या घरासाठीचा. लाकूड भुंग्याने पोखरले आहे, स्पीकरचा कागदी कोन उंदरांनी नेला, दोन व्हॉल्व्ह नाहीत. तरी मागची फळी काढल्यावर तांब्याच्या गुंडाळ्या जागच्या जागी, धुळीखाली अजून लाल. तो दुरुस्त करू शकणारे कारागीर मुंबईत भेटले, त्यांचा अंदाज ३८,००० रुपये. काचेची पेटी, परवान्यांची भिंत, वायर, हेडफोन, मांडव (जुलै आहे, पाऊस येणारच) आणि आठवणींचे ध्वनिमुद्रण धरून एकूण १,४५,००० रुपये लागतील. आजवर ४१,५०० जमले.

देणगी कितीही चालेल. मुलांसाठी मुद्दाम दहा रुपयांची पावती छापली आहे, जुन्या परवान्याच्या धर्तीवर, शिक्क्यासकट. आयकरात सवलत देणारे प्रमाणपत्र आपल्या वाचनालयाकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हिशेब दर महिन्याच्या १ तारखेला फळ्यावर लागेल.

पैशांपेक्षा आठवणींची घाई आहे. ज्यांनी लहानपणी गावातल्या एकुलत्या सेटभोवती बसून काही ऐकले, त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. आजी-आजोबांना वाचनालयात आणायची गरज नाही, आम्ही दोघे जण रेकॉर्डर घेऊन घरी येऊ. काय ऐकले एवढेच नको. सेट कुणाच्या ओटीवर होता, तारेचे दुसरे टोक कुठल्या झाडाला होते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालायचे, बायकांना कुठे बसायला मिळायचे, हे सगळे सांगा. मुंबईला, पुण्याला, परदेशी गेलेल्यांनी तिथून बोलून पाठवले तरी चालेल.

वस्तू, कागद आणि देणग्या वाचनालयात रोज संध्याकाळी ५ ते ८, सोमवार सोडून. वस्तू उसन्या दिल्यात तरी पावती मिळेल आणि ऑगस्टअखेर त्या घरपोच परत येतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ

ता. क. माळ्यावर सेट सापडला तर कृपा करून 'चालतो का बघू' म्हणून प्लगला लावू नका. आतले जुने कंडेन्सर निकामी झालेले असतात, वीज दिली की ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग कारागीरही हात टेकतो. धूळसुद्धा पुसू नका. आहे तसा गोणपाटात गुंडाळून आणा.