पिशवीतलं पत्र

म्हापसा,
२० एप्रिल २०२०

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. काल गोव्यातला करोनाचा सातवा, शेवटचा रुग्णही बरा झाल्याची बातमी आली आणि पाचव्या मिनिटाला आई, तुझा फोन. "शून्य झाले गे बाय. आता कधी येतेस?" मी म्हटलं आवाज तुटतोय, आणि ठेवला. आवाज तुटत नव्हता. 'नाही' म्हणायचं होतं, ते तोंडातून निघेना.

तर लिहूनच सांगते. मी इतक्यात येत नाही. टाळेबंदी ३ मेपर्यंत आहे, ती होऊ दे, मग बघू. हे ठरवून झालंय, त्यामुळे दादाला पास काढून गाडी घेऊन पाठवू नका. तो येईल आणि मला त्याला फाटकातूनच परत लावावं लागेल.

कारण ऐकून बाबा रागावतील, म्हणून आधीच सांगते, माझी तब्येत ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही, घसासुद्धा दुखत नाही. रोज सकाळी थर्मामीटर लावते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते.

१३, १४ आणि १५ तारखेला मी निकालपत्रकं भरतेय असं सांगितलं होतं ना? ती कधीच भरून झाली होती. मी सर्वेक्षणाला गेले होते. राज्यभर घरोघरी जाऊन विचारायचं होतं, कुणाला ताप आहे का, खोकला, श्वासाचा त्रास, बाहेरून कोण आलंय का. शिक्षकांनाही घेतलं होतं. आमच्यातल्या दोघींनी घरी लहान मुलं आहेत म्हणून नाव काढून घेतलं, आणि ते बरोबरच केलं. मलाही काढता आलं असतं. घरी वृद्ध आई-वडील, वडिलांना मधुमेह. अर्ज लिहायलाही घेतला. पण 'घरी' या शब्दाशी थांबले. तुमच्याबरोबर मी राहते कुठे? महिन्यातून दोन रविवार येणारी मी, आणि अर्जात तुमचं आजारपण लावणार. लाज वाटली. फाडून टाकला.

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं नाही, बाबा. अंगणात उभं राहायचं, माणसं ओसरीच्या बलकावावर, मधे चार हात अंतर. मास्क तीनही दिवस नाकावर होता. तरी दीड-पावणेदोनशे अंगणं झाली. शून्य म्हणजे सापडलेले शून्य. लक्षणं नसलेला माणूसही आजार देऊ शकतो, आणि दिसायला चौदा दिवस लागू शकतात. १५ पासून चौदा म्हणजे २९. वर चार दिवस माझ्या मनाच्या समाधानासाठी. मला झालं असेल असं मला वाटत नाही. पण वाटत नाही एवढ्यावर बाबांच्या शेजारी बसून जेवायचं, हे मला जमणार नाही.

अंगणं मात्र बघण्यासारखी होती. पहिल्या दिवशी एका म्हातारीने मला लांबूनच थांबवलं, आत गेली, कोकमाच्या सरबताचा पेला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दहा पावलं मागे सरून म्हणाली, "आता घे." मी पिईपर्यंत पदर तोंडाला लावून उभी. आजारी कोण आहे का विचारलं, तर म्हणे सुनेला राग येतो हल्ली फार, ते लिहा.

एकाने विचारलं, "२२ तारखेच्या मतदानासाठी मतं मागायला येत होते, ते आता कुठे आहेत?" तुम्हाला आठवतंय ना, २२ मार्चला जिल्हा पंचायतीचं मतदान व्हायचं होतं. माझी ड्यूटीही लागली होती, आणि शेवटपर्यंत पुढे ढकलेनात म्हणून तुम्ही स्वतःच चिडला होता. दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, ताटल्या वाजवल्या आम्ही, पण दुकानं बंद, मग ताटात घालायचं काय? तिचा नवरा लगेच तिच्यावर उखडला, बाहेरचे देश बघ, माणसं कशी मरताहेत, आपल्याकडे सातच्या वर आकडा गेला नाही हे कुणामुळे? माझ्यासमोर दोघांची जुंपली. मला आपलंच घर आठवलं. एक निवृत्त गृहस्थ एवढंच म्हणाले, "पर्रीकर असते तर..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. असं अर्धवट वाक्य मी तीन दिवसांत किती ठिकाणी ऐकलं म्हणून सांगू.

एका घरातली बाई मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नवरा जहाजावर. क्रूझ बंद पडलेली, माणसं बोटीवरच अडकलेली. मी मोबाइलवर ठरलेले प्रश्न विचारत होते. ती शांतपणे उत्तरं देत होती. शेवटी म्हणाली, "बाय, म्हजो घोव तारवार आसा. ताका हाडपाचो रकानो आसा तुज्या मोबायलांत?" नवऱ्याला घरी आणायचा रकाना त्यात नव्हता. मी उगाच बोट फिरवत राहिले, शोधल्यासारखं.

१४ तारखेला दहा वाजता पंतप्रधानांचं भाषण होतं, तेव्हा मी अशाच एका अंगणात होते. घरातल्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला, मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकलं. त्यांनी सात गोष्टी सांगितल्या. पहिली कुठली, बाबा? घरातल्या वृद्धांची, त्यातून ज्यांना जुना आजार आहे त्यांची, विशेष काळजी घ्या. मी सांगितलं तर तुम्ही ऐकत नाही. आता हे तरी ऐका.

आणि त्या फोनबद्दल. २६ मार्चच्या. तेव्हा मी तीन दिवस बिनसाखरेचा चहा पीत होते. दुकानं उघडायला परवानगी नव्हती, घरपोच सामानासाठी दिलेल्या नंबरांपैकी जे मी लावले ते उचलले जात नव्हते. त्यातच तुम्ही म्हणालात, मुख्यमंत्री आपल्या साखळीचा आहे, डॉक्टर आहे, त्याला कळतं. आणि मी म्हटलं, मग तुमच्या डॉक्टरला विचारा साखर कुठे मिळते. तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. बाबा, माझं म्हणणं मी मागे घेत नाही. सामानाची सोय न करता दुकानं बंद करायला नको होती, नंतर उघडलीच ना? पण तुम्हाला तसं बोलायला नको होतं. २२ ला पाच वाजता तुम्ही भजनाच्या झांजा काढून पायरीवर उभं राहून वाजवल्यात, त्याचा व्हिडिओ दादाने पाठवला तेव्हा मी आधी हसले आणि मग पुन्हा पुन्हा लावून बघितला. सगळे ताटल्या बडवताहेत आणि तुम्ही मात्र ठेक्यात. तुमचं ते खोटं नव्हतं. पाडव्याच्या रात्री पहिले तीन रुग्ण सापडल्याचं कळलं, तेव्हा मलाच कुणावर तरी विश्वास ठेवावासा वाटला होता.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. गॅस मार्चमध्येच भरलाय. उकडे तांदूळ आहेत. पहिले आठ दिवस पेज, आईचं मिस्कूट लोणचं आणि खारं बांगडं, एवढ्यावर काढले आणि एकदाही कंटाळा आला नाही. आई, तू पावसाळ्यासाठी पुरुमेंत साठवतेस म्हणून मी तुला हसायचे, हल्ली बारा महिने सगळं मिळतं म्हणायचे. डबा उघडताना प्रत्येक वेळी ते आठवतं. आता पाववाल्या पदेराची सायकलही पुन्हा येते, भोंगा ऐकला की खाली पळते. घरमालकीण आंटी ईस्टरला चर्चमध्ये जाऊ शकली नाही, टीव्हीसमोर गुडघे टेकून बसली होती. दुपारी तिने मला दोन तोरां, कोवळ्या कैऱ्या, आणून दिली. पंखा चालतो. पाणी येतं. झोपही लागते, म्हणजे लागते बहुतेक.

शुक्रवार येतो आणि म्हापशात बाजार भरत नाही, हे फक्त विचित्र वाटतं. सकाळी जाग येते ती शांततेनेच.

परवा रात्री अशीच जाग आली आणि कांजिण्यांची खोली आठवली. मला आतल्या खोलीत ठेवलं होतं, दादाला मामाकडे पाठवलं होतं, गादीखाली कडुनिंबाचा पाला. दार बंद. आणि बाबा, तुम्ही रात्री दाराखालच्या फटीतून खराट्याच्या हिराने लिमलेटच्या गोळ्या आत ढकलायचात. आईला कळू नये म्हणून कागद काढून, म्हणजे कुरकुर वाजायला नको. गोळीला धूळ लागायची, मी तशीच खायची. ती फट तुम्ही पुढे लाकडाची पट्टी मारून बुजवलीत. का बुजवलीत हो?

बरं, आता नीट ऐका. दोघांनीही.

बाबा, पिशवीत दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत. सकाळची आणि रात्रीची वेगळी पाकिटं केलीत, वर माझ्या अक्षरात लिहिलंय. काढा प्यायचा तर प्या, पण गोळीच्या जागी नाही. काजूच्या डोंगरावर एकट्याने जायला माझी हरकत नाही, बोंडं गोळा करताना कोण खोकत नाही तुमच्यावर. पण बिया विकायला स्वतः जायचं नाही. भाव कमी मिळाला तरी चालेल, दादा जाईल. बाजारात 'नुसतं बघून येतो' हेही नाही. पायरीवर कोण गप्पा मारायला आला, तर त्याला खालच्या पायरीवर बसवा. वाईट वाटलं तर वाटू दे, माझं नाव सांगा. अण्णाकाकांच्या वेळेसारखं भिडेखातर काही करू नका. आणि नोटांवर इस्त्री फिरवू नका! एक नोट जळाली म्हणे. दादाने सांगितलं.

आई, तू यंदा मिरच्यांसाठी जीव टाकू नकोस. हरमलची मिरची मी इथून कुणाकडून तरी मिळवते. कोकमाची सोलां घालायला अजून वेळ आहे, तोवर मी येईनच, बिया मी काढीन. गुडघ्याला तेल लावून घे, दुसऱ्याला लावत बसू नकोस. विठ्ठलापूरला यंदा चैत्रोत्सवाला जाता आलं नाही म्हणून तू रडलीस, हे दादाने सांगितलं, मला तू सांगितलं नाहीस. विठोबा काही नोंदवही घेऊन बसलेला नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेचंही यंदा कठीणच दिसतं. बाबांना व्रत धरलेल्या धोंडांच्या तळीवर जाऊन चौकशी करू नका म्हणावं. आणि कुणालाही श्वास लागला, ताप आला, तर मला विचारत बसायचं नाही. सरळ दादाला सांगायचं, इस्पितळात जायचं, मग मला फोन.

हे सगळं हुकूम सोडल्यासारखं झालं, नाही? शाळेत तीस पोरांवर ओरडून ही सवय लागलीय. तुम्ही मला सांगायचं वय अजून गेलेलं नाही. तुम्हीही सांगा, मीही ऐकेन.

काल रात्री हिशेब केला. अस्नोडा, मुळगाव, डिचोली, की आलंच घर. स्कूटरवर पाऊण तासही लागत नाही. मुंबई-पुण्यातली पोरं अडकली म्हणून आई-बाप रडताहेत ते समजू शकते, पण मी एवढ्या जवळ असून येत नाही, हे शेजारी कसं बघतील, याचा विचार तू करणार, आई. त्यांना सांग, निकालपत्रकं भरतेय.

पिशवीत गोळ्या, बाबांचा चष्मा (कमान दुरुस्त करून घेतलीय, टाळेबंदीच्या आधीच, द्यायचा राहिला होता), आईच्या गुडघ्याचा पट्टा, आणि लिमलेटच्या गोळ्यांचं एक पाकीट. त्या बाबांनी खायच्या नाहीत. एक खाल्ली तर चालेल. दोन नाही.

दुधाच्या गाडीवरच्या माणसाबरोबर पिशवी पाठवते आणि फोनवर सांगते, की एक अख्खा दिवस बाहेर उन्हात टांगून ठेवा, हात लावू नका, मग उघडा. म्हणजे आत्ता मंगळवार संध्याकाळ असायला हवी. नसणार, मला माहीत आहे. आई पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघरात आली असेल आणि बाबा जुनाच चष्मा लावून हे मोठ्याने वाचत असतील.

तर आता पत्र खाली ठेवा आणि दोघंही उठून हात धुवा. साबणाने. मनगटापर्यंत.

तुमची,
बाय