रस्त्यांच्या भेगा दिवाळी उलटताच भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की खड्ड्यांच्या बातम्याही ओसरतात. मग डांबरीकरणाची आठवण होते ती मार्चअखेरच्या बिलांच्या घाईत. वास्तविक डांबरी रस्त्याच्या देखभालीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. रस्ता कोरडा असतो आणि थंडीने डांबर आकसल्यामुळे भेगा तोंड उघडून असतात, त्यामुळे माल आत उतरतो. उन्हाळ्यात त्याच भेगा मिटतात. तेव्हा भरलेले डांबर तोंडाशीच राहते आणि पुढच्या थंडीत सुटून येते.

बहुतेक खड्डे भेगेतूनच जन्मतात. भेगेत शिरलेले पाणी बसच्या चाकाखाली दाबले जाते, चाक पुढे गेले की वर उसळते आणि दर वेळी खालच्या थरातली थोडी कच घेऊन येते. पाऊस उघडल्यावर भेगेच्या दोन्ही कडांना पांढरट-करडी साय वाळलेली दिसली, तर खालचा थर पोकळ होऊ लागला असे समजावे. तिथे वरून भेग भरणे व्यर्थ. तेवढा तुकडा कापून खालपासून नवा करावा लागतो. मगरीच्या पाठीसारखी जाळी झालेल्या भागाचेही तेच. त्यावर नुसते कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, टाकले की जाळी लवकरच वर उमटते.

त्याआधीच्या अवस्थेतले काम स्वस्त आहे. 3 मिमीपेक्षा बारीक भेगांवर, सम प्रमाणात पाणी मिसळलेले स्लो सेटिंग इमल्शन (पाण्यात कालवलेले, सावकाश घट्ट होणारे डांबर) चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर फवारले की पुरते. जास्त झाले तर रस्ता दुचाकींना निसरडा होतो, म्हणून हात आवरता हवा. रुंद भेगेला यंत्राने साधारण 12 मिमी रुंद आणि तेवढीच किंवा थोडी जास्त खोल खाच पाडावी, कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवावी, भेग आतून कोरडी असल्याची खात्री करावी आणि मग रबर किंवा पॉलिमरयुक्त सीलंट गरम करून भरावे. वर थोडी कच भुरभुरावी, नाहीतर ते टायरला चिकटून निघते. काम फसते ते बहुधा धुळीमुळे: झाडूचे दोन फटके मारून ओतलेले सीलंट धुळीला चिकटते, डांबराला नाही.

जागोजागी खडी सुटू लागलेल्या पण अजून सपाट असलेल्या रस्त्याला 4 ते 8 मिमीचे मायक्रोसरफेसिंग (बारीक खडी आणि पॉलिमरयुक्त इमल्शनचा पातळ थर) चालते. दबलेल्या रस्त्याला ते लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पाण्याच्या निचऱ्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. 7 मीटर रुंद रस्त्याला अडीच टक्के उतार द्यायचा तर मध्यभाग कडेपेक्षा पावणेनऊ सेंटिमीटर उंच हवा. जुना थर न खरवडता थरावर थर चढवत गेले की हा उतार बिघडतो, चेंबर खोल जातात, पाणी त्यांच्या कडेला साचते आणि पहिली भेग तिथेच पडते. पावसाळी गटारांच्या जाळ्या मेमध्ये एकदा साफ करून भागत नाही. पहिल्या दोन जोरदार सरींनंतर त्या पुन्हा पाहाव्या लागतात.

केबल आणि जलवाहिन्यांचे चर हे दुसरे दुखणे. खणलेलीच माती एका दमात लोटून वर डांबर ओतले, तर चर पहिल्या पावसात बसणारच. भराव 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर ठोकून घ्यायला हवा. वरचे डांबर चराच्या दोन्ही बाजूंना किमान 15 सेंटिमीटर जादा कापून भरावे आणि जोड सीलंटने बंद करावा. हा जोड म्हणजे पहिल्या दिवसापासूनची भेगच असते.

भर पावसात खड्डा भरावाच लागला, तर कोल्ड मिक्स (गरम न करता वापरता येणारे डांबर-खडीचे मिश्रण) वापरावे. पण कडा उभ्या आणि चौकोनी कापून, पाणी व चिखल काढून, थर ठोकून. पेव्हर ब्लॉक किंवा मुरूम टाकणे म्हणजे शेजारी नवा खड्डा पाडणे.

विषय निघाला की पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा दाखला दिला जातो. सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर झालेला तो रस्ता कौतुकास्पदच, पण तो दाखला बांधणीचा आहे. देखभालीचा दाखला देता येईल असा रस्ता शहरात शोधावा लागेल. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम झाल्यावर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत, ठेकेदार खड्डा बुजवतो, कारण त्यावरून नोटीस निघते. भेगेवरून निघत नाही. निविदेत भेगा भरण्याची रनिंग मीटरच्या दराने स्वतंत्र बाब ठेवावी आणि ऑक्टोबरअखेर प्रत्येक प्रभागातल्या रस्त्यांची पायी पाहणी करून भेगा खडूने आखून घ्याव्यात. कनिष्ठ अभियंता आणि एक मदतनीस एवढी माणसे त्याला पुरतात.

— एक निवृत्त रस्ते अभियंता, पुणे